भाड्याचा वाटा आणि बाहेरचे दार : बॅक बेच्या शेअरपासून ऑनलाइन ‘रीट’पर्यंत

#थ्रेड #आर्थिक_इतिहास

१/२५
मुंबईच्या नरिमन पॉइंटला, समुद्रात भर टाकून मिळवलेल्या जमिनीवर, ‘एक्स्प्रेस टॉवर्स’ ही इमारत उभी आहे. ती ज्या न्यासाच्या ताब्यात आहे, त्याचे एक युनिट अलीकडच्या काळात पाचशे रुपयांच्या नोटेत मिळत आले आहे. ते घेणारा माणूस त्या न्यासाच्या सर्व इमारतींच्या भाड्यात अंशतः वाटेकरी होतो. याच उपसागराच्या नावाने निघालेल्या एका शेअरने १८६५ साली मुंबईतील असंख्य घरे उद्ध्वस्त केली होती. त्या शेअरपासून या युनिटपर्यंतच्या प्रवासाची ही कथा.

२/२५
१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. इंग्लंडची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. भाव कडाडले आणि पुढील चार वर्षांत मुंबईत कोट्यवधी पौंडांचा ओघ सुरू झाला. इतका पैसा ठेवायचा कुठे, हा प्रश्न शहराला प्रथमच पडला. उत्तर समोरच होते. बेटावर जागा कमी आणि समुद्र अफाट. समुद्र हटवून जमीन करायची आणि ती विकायची!

३/२५
त्यातून भराव कंपन्या निघाल्या. त्यांत सर्वांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. तिच्या प्रत्येक शेअरवर भागधारकांनी ५,००० रुपये भरलेले होते. तेजीच्या शिखरावर हाच शेअर ५०,००० रुपयांच्या घरात गेला. कापसाचे आणि शेअरांचे सम्राट म्हणून ओळखले जाणारे प्रेमचंद रायचंद या खेळाच्या केंद्रस्थानी होते. बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्ज देई आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात.

४/२५
एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला. युद्ध संपले आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणेकऱ्यांपाशी पैसा नव्हता. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ साली बंद करावी लागली. प्रेमचंदांनी दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. त्या देणगीचा पैसा तेजीतला होता. ज्यांनी घर किंवा दागिने गहाण टाकून शेअर घेतले होते, त्यांच्यामागे मात्र कसलेच स्मारक उरले नाही.

५/२५
या पडझडीकडे केवळ लोभाची गोष्ट म्हणून पाहिले, तर तिच्यातील खरा धडा हातचा निसटतो. बॅक बेच्या शेअरमागे तीन गोष्टी नव्हत्या. पहिली, भाडे, जमीनच तयार नव्हती, तर भाडे कुठून येणार? दुसरी, भावाला आधार देणारे निःपक्षपाती मूल्यांकन. तिसरी, बाहेर पडण्याचे भरवशाचे दार. पुढचा गिऱ्हाईक मिळेपर्यंतच ते उघडे होते. भाडे, भाव आणि दार या तीन कसोट्या लक्षात ठेवल्या, की पुढच्या दीडशे वर्षांचा इतिहास सहज उलगडतो.

६/२५
ज्या अमेरिकेच्या युद्धाने मुंबईला हा पैसा दिला, तिथेच या प्रश्नांचे एक उत्तर आकार घेत होते. मॅसॅच्युसेट्स राज्यात व्यापारी कंपन्यांना आपल्या कामापुरतीच जमीन बाळगता येई. केवळ भाड्यासाठी इमारती घेण्यावर कायद्याचा अडसर होता. बॉस्टनच्या धनिकांनी त्यातून वाट काढली. मालमत्ता विश्वस्तांच्या नावे करायची आणि तिच्यातील वाट्याची हस्तांतरणीय प्रमाणपत्रे लोकांना विकायची. ‘मॅसॅच्युसेट्स ट्रस्ट’ या नावाने ही पद्धत ओळखली जाऊ लागली.

७/२५
या न्यासांचे मोठे आकर्षण होते कर. कंपनीच्या नफ्यावर एकदा आणि भागधारकाच्या लाभांशावर पुन्हा, असा दुहेरी कर न्यासाला लागत नसे. १९३५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉरिसी खटल्यात ही सवलत मोडीत काढली. लॉस एंजेलिसजवळ जमीन विकसित करून गोल्फचे मैदान उभारणारा एक न्यास न्यायालयासमोर होता. जो न्यास कंपनीसारखा धंदा करतो, त्याने कंपनीसारखाच कर भरावा, असा निकाल लागला. पुढची पंचवीस वर्षे ही कल्पना जवळजवळ गोठून राहिली.

८/२५
तिचे पुनरुज्जीवन अगदी अनपेक्षित वाटेने झाले. सिगारवरील अबकारी कराची मुदत वाढवणारे एक विधेयक १९६० साली अमेरिकी काँग्रेससमोर होते. त्याला रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्टची, म्हणजेच ‘रीट’ची, तरतूद जोडली गेली. १४ सप्टेंबर १९६० रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर स्वाक्षरी केली. म्युच्युअल फंडाने लहान बचतदाराला अनेक कंपन्यांचा वाटेकरी केले होते. आता त्याला मोठ्या इमारतींच्या भाड्यात वाटा मिळावा, हा त्यामागील विचार.

९/२५
या सवलतीला कठोर अटी होत्या. किमान १०० भागधारक हवेत. पाच किंवा त्याहून कमी व्यक्तींच्या हातात निम्म्याहून अधिक वाटा नको. किमान ७५ टक्के मालमत्ता स्थावर किंवा तिच्याशी निगडित हवी. सर्वांत महत्त्वाची अट अशी, की करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग दरवर्षी भागधारकांना वाटायचा. बॅक बेच्या शेअरधारकाला जे कधीच मिळाले नव्हते, ते भाडे आता कायद्याने त्याच्या दारात येणार होते. पहिल्या कसोटीचे उत्तर तयार झाले.

१०/२५
कायदा मात्र माणसाची घाई थांबवू शकत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी तयार इमारती घेण्याऐवजी बिल्डरांना कर्ज देणाऱ्या ‘तारण रीट’ची लाट आली. बँकांनी आपली नावे त्यांना दिली. काही वर्षांतच रीट उद्योगाची मालमत्ता सुमारे १ अब्ज डॉलरवरून २० अब्जांवर गेली. व्याजदर चढले, बांधकामे अर्धवट राहिली, कर्जे बुडाली. चेस मॅनहॅटन बँकेचे नाव धारण करणारा न्यास १९७९ मध्ये दिवाळखोरीत गेला. भाड्याऐवजी आशेवर कर्ज दिले, की बॅक बे पुन्हा अवतरते.

११/२५
१९८६ च्या करसुधारणेने रीटना आपल्या इमारतींचा कारभार स्वतः पाहण्याची मुभा दिली. १९९१ साली ‘किमको’ ही खरेदी संकुलांची मालक कंपनी रीट म्हणून बाजारात उतरली आणि आधुनिक रीटचे युग तेथून मोजले जाते. आता भाव रोज वर्तमानपत्रात छापून येई आणि युनिट रोज विकता येई. दार सताड उघडे झाले. पण उघड्या दारातून वारेही आत येते. शेअर बाजार घाबरला, की इमारत जागच्या जागी असूनही तिच्या वाट्याचा भाव घसरू लागला.

१२/२५
या चढउतारांना कंटाळलेल्या लोकांसाठी एक निराळा माल बाजारात आला, तो म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेला रीट. तो दलालांमार्फत विकला जाई आणि सुरुवातीचे शुल्क अनेकदा दहा टक्क्यांच्या आसपास असे. म्हणजे शंभर डॉलर दिले, तर साधारण नव्वदच इमारतीत पोचत. तरीही निवृत्त लोक तो आवडीने घेत. कारण खाते-उताऱ्यावर दर महिन्याला शेअरचा एकच भाव छापलेला असे, बहुधा १० डॉलर. ना चढ, ना उतार.

१३/२५
२००८ या एका वर्षात सूचिबद्ध रीटचा अमेरिकी निर्देशांक सुमारे ३८ टक्के पडला. त्याच काळात नोंद नसलेल्या अनेक रीटच्या उताऱ्यांवर जुनाच आकडा झळकत होता. इमारती दोन्हींकडे सारख्याच होत्या. फरक इतकाच, की एका भिंतीवर आरसा होता आणि दुसऱ्या भिंतीवर जुना फोटो. अखेर एप्रिल २०१६ पासून दलालांच्या नियामक संस्थेने उताऱ्यावर शुल्क वजा जाता राहणारे मूल्य दाखवणे बंधनकारक केले. दुसरी कसोटी, म्हणजे भाव, इतक्या उशिरा कागदावर आली.

१४/२५
याच दलालीवर बोट ठेवत इंटरनेटची पिढी पुढे आली. वॉशिंग्टनमधील बेन आणि डॅन मिलर या भावांनी २०१० साली ‘फंडराइज’ सुरू केली. २०१२ मध्ये त्यांनी एच स्ट्रीटवरील एका इमारतीत वाटा घेण्याची संधी शहरातील रहिवाशांना दिली. किमान रक्कम १०० डॉलर. १७५ जणांनी मिळून ३,२५,००० डॉलर दिले. रक्कम किरकोळ होती. पण शेजारच्या इमारतीचा मालक शेजारीच असावा, ही कल्पना लोकांना भावली.

१५/२५
एप्रिल २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ‘जॉब्स’ कायद्यावर सही केली. त्याखालील नवे नियम जून २०१५ मध्ये लागू झाले आणि लहान कंपन्यांना सामान्य जनतेकडून वर्षाला ५ कोटी डॉलरपर्यंत भांडवल उभारता येऊ लागले. २०२१ मध्ये ही मर्यादा साडेसात कोटी झाली. श्रीमंत गटात न मोडणाऱ्या गुंतवणूकदाराला अशा एका विक्रीत आपल्या उत्पन्नाच्या किंवा संपत्तीच्या १० टक्क्यांपर्यंतच पैसे घालण्याचे बंधन होते. फंडराइजने याच वाटेने २०१५ अखेर ‘ई-रीट’ आणला आणि ‘रिअल्टीमोगल’ने २०१६ मध्ये आपला पहिला रीट खुला केला.

१६/२५
या ऑनलाइन रीटनी एक खरी सुधारणा केली. दलालाची साखळी तुटली. फंडराइजचे वार्षिक शुल्क सल्ल्याचे ०.१५ आणि व्यवस्थापनाचे ०.८५, असे मिळून सुमारे १ टक्का ठरले. जुन्या दहा टक्क्यांच्या तुलनेत ते पुष्कळ कमी. पण तुलना दुसऱ्या बाजूनेही करावी लागते. सूचिबद्ध रीटचा समूह एकत्र घेणाऱ्या व्हॅनगार्डच्या निर्देशांक फंडाचे शुल्क वर्षाला ०.१३ टक्क्याच्या आसपास आहे. स्वस्त आणि महाग हे शब्द शेजारी काय ठेवले आहे, त्यावर ठरतात.

१७/२५
ऑनलाइन झाला तरी या रीटचा मूळ स्वभाव बदलला नाही. तो शेअर बाजारात नव्हताच. वाटा परत द्यायचा, तर तो कंपनीनेच विकत घ्यायचा. भावही तिनेच काढलेल्या मालमत्तेच्या मूल्यावरून ठरवायचा. पैसे मोबाइलवर पाच मिनिटांत आत जात. पण बाहेर येण्याचा अर्ज ठरावीक मुदतीलाच विचारात घेतला जाई आणि तो स्थगित ठेवण्याचा अधिकार कंपनीकडे असे. आत येण्याचे दार डिजिटल झाले, बाहेर जाण्याचे दार मात्र जुनेच राहिले.

१८/२५
त्याची परीक्षा मार्च २०२० मध्ये झाली. कोविडच्या धास्तीने सूचिबद्ध रीट महिनाभरात सुमारे चाळीस टक्के कोसळले. विकणाऱ्याला मोठा तोटा झाला, तरी विकता आले. त्याच महिन्याच्या अखेरीस फंडराइजने वाटे परत घेणे थांबवले आणि काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू केले. तिथे भाव कोसळलेला दिसला नाही. पण त्या काळात पैसे हवे असलेल्या माणसाला तो भाव मिळूही शकला नाही. एकाकडे वाईट भाव होता, दुसऱ्याकडे बंद दार.

१९/२५
हे केवळ छोट्या कंपन्यांपुरते नाही. ब्लॅकस्टोन या बलाढ्य संस्थेच्या नोंद नसलेल्या रीटमध्ये महिन्याला २ आणि तिमाहीला ५ टक्क्यांहून अधिक रक्कम परत न देण्याची मर्यादा होती. २०२२ च्या अखेरीस मागण्या तिच्यापलीकडे गेल्या आणि रांग लागली. सर्व मागण्या पूर्ण व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. मे २०२४ मध्ये स्टारवुडच्या रीटने ही तिमाही मर्यादा ५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणली.

२०/२५
यात फसवणूक शोधण्याचे कारण नाही. नियम माहितीपत्रकात आधीपासून छापलेले होते. इमारत एका दिवसात विकता येत नाही, हे साधे वास्तव त्यांच्या मुळाशी आहे. सगळे एकदम पैसे मागू लागले, तर न्यासाला चांगल्या इमारती मिळेल त्या भावाने फुंकाव्या लागतील आणि मागे राहिलेल्यांचे नुकसान होईल. म्हणून दार आवळले जाते. सूचिबद्ध रीटमध्ये इमारत विकावी लागत नाही. तिथे एक भागधारक दुसऱ्याला जागा देतो आणि घाईची किंमत स्वतः मोजतो.

२१/२५
भारतात ‘सेबी’ने रीटचे नियम सप्टेंबर २०१४ मध्ये केले आणि त्यात एक दूरदृष्टीची अट घातली : रीटने शेअर बाजारात नोंद केलीच पाहिजे. किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेली आणि भाडे देणारी हवी. वाटपयोग्य रोकडीचा ९० टक्के भाग युनिटधारकांना द्यायचा. मूल्यांकन स्वतंत्र मूल्यांककाकडून करून घ्यायचे. बॅक बेच्या तिन्ही कसोट्यांना येथे एकाच नियमावलीत उत्तर मिळते.

२२/२५
पहिला रीट बाजारात यायला मात्र एप्रिल २०१९ उजाडले. एम्बसीनंतर २०२० मध्ये माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफिल्ड, २०२३ मध्ये मॉलचा नेक्सस आणि २०२५ मध्ये नॉलेज रिअल्टी आले. एम्बसीच्या विक्रीत किमान अर्जच दोन लाखांहून अधिक रुपयांचा होता. लहान बचतदाराच्या नावाने आणलेली वस्तू त्यालाच परवडत नव्हती. २०२१ मध्ये सेबीने किमान अर्ज १०,००० ते १५,००० रुपयांवर आणला आणि बाजारात एक-एक युनिट विकण्यास परवानगी दिली. भारतीय रीट खऱ्या अर्थाने छोट्या माणसाचा झाला, तो येथे.

२३/२५
दरम्यान येथेही ऑनलाइन प्लॅटफॉर्म एकेका इमारतीचे हिस्से विकू लागले होते. किमान रक्कम काही लाखांत, स्वतंत्र नियमावली नाही आणि हिस्सा विकायचा तर गिऱ्हाईक त्याच प्लॅटफॉर्मवर शोधायचा. मार्च २०२४ मध्ये सेबीने त्यांना ‘लघु व मध्यम रीट’च्या चौकटीत आणले. ५० ते ५०० कोटींची मालमत्ता, त्यातली किमान ९५ टक्के पूर्ण झालेली, किमान २०० युनिटधारक आणि शेअर बाजारात नोंद. पहिली योजना बेंगळुरूतील कार्यालयांवर आधारलेली होती. तिची नोंद डिसेंबर २०२४ मध्ये झाली.

२४/२५
मात्र येथे किमान रक्कम १० लाख रुपये आहे. एवढ्या किमतीच्या युनिटला रोज गिऱ्हाईक मिळणे कठीण. म्हणजे दार उघडे असले, तरी अरुंद. शिवाय सारा भार एखाद्या इमारतीवर किंवा मोजक्या भाडेकरूंवर पडतो. मोठ्या रीटमध्ये भाडेकरू अनेक, युनिट लहान, पण भाव रोज हलता. अमेरिकी ऑनलाइन रीटमध्ये भाव शांत, पण दारावर पहारेकरी. या तिन्हींची तुलना करताना जाहिरातीतील परताव्याच्या टक्क्यांआधी एकच प्रश्न विचारावा : अडचणीच्या दिवशी पैसे परत मिळतील का, कोणाच्या परवानगीने आणि कोणत्या भावाने? मुलीच्या लग्नाचे, आईच्या शस्त्रक्रियेचे किंवा कॉलेजच्या फीचे पैसे याच प्रश्नावर अवलंबून असतात.

२५/२५
शेवटी पुन्हा त्या समुद्रभरावाकडे. १९२० च्या दशकात सरकारने बॅक बेचे काम पुन्हा हाती घेतले आणि खर्च अंदाजापलीकडे वाढत गेला. त्या गैरकारभारावर जाहीर हल्ला चढवला तो खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलाने. त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला. तो निर्दोष सुटला. पुढे समुद्र हटवून मिळवलेल्या याच भूभागाला त्याचे नाव मिळाले. जिथे पूर्वजांनी हिशेब न विचारता शेअर घेतले, तो परिसर आज हिशेब विचारणाऱ्या माणसाच्या नावाने ओळखला जातो. तिथल्या भाड्यातला वाटा घेणाऱ्याने ही एवढी परंपरा जपली, तरी पुरे.

(समाप्त)